रग लागली की उठा

(वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं)

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना मागच्या अंकात विचारलं होतं : कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, लिहून पाठवा. पत्रं आली, बरीच आली. सांगली, मिरज, तासगाव, पलूस, विटा, एक कराडचं. कुठे दुखतं ते प्रत्येकानं अगदी बोट ठेवून लिहिलंय. का दुखत असेल यावर मात्र कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह, उशी, थंड वारं असं काय काय आहे. आपण बसतो कशावर, पाय जमिनीला टेकतात का, स्क्रीन डोळ्यांपुढे आहे की पोटापुढे, मधे उठतो का, याबद्दल जवळजवळ कुणीच काही लिहिलेलं नाही. दुखणं माहीत आहे, त्याची वाट माहीत नाही. म्हणून काहींना फोन करून उरलेलं विचारून घेतलं. जागेअभावी निवडक पत्रंच घेतली आहेत.

प्रश्न : मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, विश्रामबागला हॉस्टेलवर राहतो. दोन महिन्यांपासून मान आणि उजवा खांदा दुखतो, फऱ्याच्या आतल्या बाजूला जळजळतं. प्रोजेक्टमुळे लॅपटॉपवर रोज नऊ-दहा तास जातात. रूमवरच्या तिघांचंही हेच आहे, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. मेडिकलमधून गोळी आणली की दोन दिवस बरं वाटतं. मी रोज संध्याकाळी जिमला जातो, म्हणजे स्नायू कमजोर नसणार. कॅल्शियम कमी असेल का?

उत्तर : पत्रात नव्हतं ते तू फोनवर सांगितलंस, तेच आधी लिहिते. तू कॉटवर भिंतीला टेकून बसतोस, कमरेमागे काही नाही, पाय लांब केलेले, लॅपटॉप मांडीवर. माउस उजवीकडे, गादीवर ठेवलेल्या जर्नलवर. रूममध्ये टेबल आहे का विचारलं तर म्हणालास, आहे, पण त्यावर कपडे आहेत. बाळा, तुझ्या खांद्याचं अर्धं निदान मला त्या कपड्यांतच सापडलं.

लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. स्क्रीन डोळ्यांपुढे आणावा तर हात छातीपर्यंत उचलावे लागतात. हात खाली ठेवावेत तर मान खाली घालावी लागते. काही तरी एक द्यावंच लागतं, आणि तू मान दिलीस. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या एका मणक्याच्या सर्जननं कॉम्प्युटर मॉडेलवर हिशेब मांडला : मान ३० अंश वाकली की मानेवर सुमारे १८ किलोचा भार येतो, ६० अंशांना सुमारे २७ किलोचा. हा मॉडेलवरचा अंदाज आहे, प्रत्येकाच्या मानेला आकडा जसाच्या तसा लावू नये. पण २७ किलो म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

उजवाच खांदा का, तर माउसमुळे. तुझा माउस अंगापासून हातभर लांब आहे. तिथवर गेलेला हात तोलून धरायचं काम मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस नावाचा स्नायू करतो. तू माउस हलवत नसलास, नुसता कोड वाचत बसलेला असलास, तरी तो धरूनच असतो.

एक प्रयोग कर. लिटरभर पाण्याची बाटली घे आणि हात समोर ताठ धर. थोड्याच वेळात हात थरथरायला लागेल. तीच बाटली हातात झुलवत विश्रामबागहून गणपती मंदिरापर्यंत चालत गेलास तरी हाताला विशेष काही होणार नाही. वजन तेच आहे. चालताना स्नायू आवळतो आणि सुटतो, आणि प्रत्येक सुटण्याला त्यात ताजं रक्त येतं. ताणून धरलेल्या स्नायूत रक्ताची वाट दाबली जाते. मग जी जाणीव होते तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे : रग. हाताला रग लागली, मानेला रग लागली. रग म्हणजे स्नायूनं दिलेली पहिली हाक. तेव्हाच जागा बदलली तर मिनिट-दोन मिनिटांत जाते. नाही बदलली तर अवघडतं, रोज अवघडलं तर आखडतं, आणि आखडलेल्या स्नायूतून मग कळा निघायला लागतात. तू आज कळांपाशी आहेस. रग तुला दोन महिन्यांपूर्वी रोजच लागत असणार, पण प्रोजेक्टच्या नादात कळली नसेल.

तिघांनाही दुखतं म्हणून ते साधं, असं मानू नकोस. तिघांच्याही कॉट सारख्याच आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

कॅल्शियमचं म्हणशील तर ते कमी झालं म्हणून एकटा उजवा खांदा दुखत नाही. सगळं अंग दुखत असेल, थकवा असेल, ऊन अंगावर पडतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी तपासून घे, ते आपल्याकडे पुष्कळांना कमी असतं. पण त्यासाठी थांबू नकोस. आणि मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली वेदनाशामक गोळी आजपासून बंद. पोटाला आणि मूत्रपिंडाला ती परवडणारी नाही, शिवाय ती हाकच दाबून टाकते.

जिम सोडू नकोस. पण एका तासाच्या जिमनं नऊ तासांचं थिजणं भरून निघत नाही. तू म्हणालास की छातीचे व्यायाम जास्त करतोस आणि पाठीचे कंटाळा येतो म्हणून टाळतोस. आधीच खांदे पुढे घेऊन बसणाऱ्या मुलानं पाठ टाळू नये, रोइंगचे, म्हणजे वजन अंगाकडे ओढायचे, प्रकार वाढव. रबरबँड घे, त्याच्या मधोमध पाय ठेव, दोन्ही टोकं धरून हात बाजूनं खांद्यापर्यंत उचल आणि सावकाश खाली आण. डेन्मार्कमध्ये ऑफिसात बसून काम करणाऱ्या आणि मान-खांदे दुखणाऱ्या लोकांवर याचा अभ्यास झाला. आठवड्यातून ५ दिवस, रोज फक्त २ मिनिटं, असं १० आठवडे केलेल्यांचं दुखणं काही न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं. दोन मिनिटं तुझ्याकडे आहेत.

आणि आज संध्याकाळी कपडे उचल. टेबलावर जर्नल्सचा गठ्ठा ठेवून त्यावर लॅपटॉप ठेव, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. अंतर साधारण हातभर. वेगळा कीबोर्ड आणि माउस सहाशे-सातशे रुपयांत मिळतात, तिघांनी मिळून एक जोड घेतलीत तरी सुरुवात होईल. माउस कीबोर्डला चिकटून, कोपर अंगाजवळ. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवू नकोस, लहान पेला ठेव, म्हणजे भरायला उठावंच लागेल. तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखव.

प्रश्न : मी तासगावजवळच्या गावातून एसटीनं सांगलीला येते, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमध्ये उंच स्टुलावर तीन-तीन तास प्रॅक्टिकल असतं. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून रात्री आडवी पडून मोबाइलवर कोडिंगचे व्हिडिओ बघते, नोट्सही मोबाइलवरच लिहिते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, खांदे भरून येतात, कंबरही दुखते. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. तिला सांगितलं तर म्हणते, ‘आम्ही दिवसभर हात वर करून मणी काढतो, तुझं बसून काय दुखतं गं?’ मला लाज वाटते. माझीच सहनशक्ती कमी आहे का?

उत्तर : नाही गं. लाज तर अजिबात वाटून घेऊ नकोस.

विरळणीच्या दिवसांत तुझ्या आईसारख्या बायका माझ्याकडे येतात, म्हणून ते काम मी ऐकूनही आहे आणि बागेत जाऊन बघूनही आले आहे. मांडवाखाली उभं राहायचं, मान वर, हात वर, घडातला एकेक मणी कात्रीनं काढायचा. खांद्यांना भयंकर काम आहे. पण तिथे मला एक दिसलं. घड झाला की पाऊलभर सरकायचं. ओळ संपली की हात खाली सोडायचे, झटकायचे, कळशीपाशी जाऊन पाणी प्यायचं, दुसरीला हाक मारायची. रग लागली की त्या थांबतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ‘हाताला रग लागली बाई’ हे तिथे सरळ बोललं जातं.

तुझ्या लॅबमध्ये तीन तासांत किती जण उठतात? तू फोनवर म्हणालीस, मधे उठलं की सर विचारतात, झालं का प्रोग्राम? म्हणून कुणी उठत नाही.

आईच्या स्नायूंवर ओझं मोठं, पण ते चढतं-उतरतं. तुझ्यावर ओझं इतकं थोडं की जाणवतच नाही, पण ते उतरतच नाही. स्नायूतले काही बारीक तंतू हलक्या कामाला सगळ्यात आधी जुंपले जातात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. हलकं काम तासन्‌तास चाललं तर तेच तंतू सारखे राबत राहतात आणि आधी तेच दुखावतात, असं या विषयातले संशोधक मानतात. तेव्हा बसून दुखतं, खरोखर दुखतं. हे आईला वाचून दाखव. आणि तिचेही खांदे दुखत असणार, ती बोलत नसेल. तिला विचार.

आता तुझं एकेक बघू. अंगठा : मोबाइल एका हातात धरून त्याच अंगठ्यानं लिहिणं सोड. अंगठा मुठीत दाबून धर आणि मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकव. अंगठ्याच्या मुळाशी झणकन कळ आली तर तिथल्या स्नायुबंधांवर सूज असू शकते. ही खात्री करायला डॉक्टरांना दाखव, पुन्हापुन्हा घरी करून बघत बसू नकोस, दुखावतं. महिनाभर नोट्स वहीत लिही. व्हिडिओ बघताना मोबाइल भिंतीशी, डब्याला टेकवून उभा ठेव आणि बसून बघ. एसटीत मोबाइल बघायचाच असेल तर दप्तर मांडीवर घे, त्यावर कोपर टेक आणि मोबाइल वर आण.

कंबर : ती स्टुलामुळे दुखते. पाठ टेकायला काही नाही आणि पाय लोंबकळतात. पाय लोंबकळले की मांडीच्या मागच्या बाजूला स्टुलाची कड रुतते, ओटीपोट मागे कलतं आणि कंबर पोक काढते. कुणी कितीही ‘ताठ बस’ म्हणालं तरी अधांतरी पायांवर ताठ बसता येत नाही. उद्यापासून दप्तर स्टुलाखाली ठेव आणि त्यावर पाय ठेव. अर्ध्या-पाऊण तासानं उभी राहा. सरांनी विचारलं तर म्हण, रग लागली, मिनिटभर उभी राहते. शांतपणे सांगितलंस तर चांगला शिक्षक नाही म्हणणार नाही.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोबत क्लर्क-टायपिस्टची तयारी करते. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग पक्का करायचा आहे. क्लासमध्ये एक तास आणि घरी तीन तास सराव. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात भरून येतात. रात्री डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. मनगटाला पट्टा बांधून टायपिंग करू का?

उत्तर : पट्टा बांधून टायपिंग नको. मनगट अडवलं की तेच काम खांदा आणि कोपर करायला जातात.

हे पत्र वाचताना मला आई आठवली. सांगलीत गावभागात तिचा टायपिंगचा क्लास होता, ११ मशिनं, सगळी जुनी. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. मशिनवर ओळ संपत आली की घंटी वाजायची, टिंग. मग डावा हात उचलून लिव्हरला लावायचा, कागद धरणारी वरची गाडी उजवीकडे ढकलायची, आणि पुन्हा बोटं जाग्यावर. दर ओळीला. पान भरलं की कागद काढायचा, कार्बन लावायचा, नवा कागद सरळ करायचा. तेव्हा मला ती कटकट वाटायची. फिजिओथेरपी शिकल्यावर कळलं, त्या घंटीनं दर ओळीला हाताला सुट्टी दिली होती. आईचीही बोटं शेवटी शेवटी दुखायची, जुन्या मशिनची बटणं जोर लावून दाबावी लागत, त्यामुळे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पण कॉम्प्युटरनं ती घंटी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. ओळ आपोआप खाली जाते, पान आपोआप पुढे सरकतं, हात तिथेच.

तुझी घंटी तूच लाव. सरावाचा उतारा दहा मिनिटांचा कर. संपला की दोन्ही हात मांडीवर उताणे टाकायचे, बोटं पसरायची आणि मिटायची, खांदे कानांकडे उचलून सोडायचे. मिनिटभर. मग पुढचा उतारा. घरचे तीन तास एका बैठकीत नको, तीन तुकडे कर.

कीबोर्ड उलटा करून बघ, मागे दोन छोटे पाय आहेत. ते उघडे असतील तर मिटव. त्यानं कीबोर्ड मागून उचलला जातो आणि मनगट वर मुरडतं. आई पाठीमागून यायची आणि मनगटाखालून पट्टी सरकवून बघायची, पट्टी अडकली की ‘मनगट हवेत!’ ती बरोबर होती. आणि बटणं हळू दाब. आताच्या बटणांना जोर लागत नाही, तरी वेगाच्या नादात मुलं ठोकतात.

करंगळी आणि शेजारच्या बोटाचं बधिर होणं ही नसेची गोष्ट आहे. कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारी अल्नर नस, तिथे ठेच लागली की झिणझिण्या येतात ना, तीच, बहुतेक दाबली जातेय. तू डावं कोपर टेबलाच्या कडेवर रुतवून पुस्तकातला उतारा बघतेस का? आणि रात्री हात कोपरात दुमडून उशीखाली घेऊन झोपतेस का? दोन्ही बंद कर. झोपताना कोपराभोवती जाडसर टॉवेल सैल गुंडाळ, म्हणजे हात पूर्ण दुमडणार नाही. दोन आठवड्यांत बधिरपणा गेला नाही किंवा बोटांतली पकड कमी वाटली, तर परीक्षेची वाट न बघता डॉक्टरांना दाखव. उलट अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशा बाजूला मुंग्या येत असत्या तर ती मनगटातली मीडियन नस, तिचा उपाय वेगळा.

आणखी एक. १७१३ साली इटलीत रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं लेखनिक आणि कारकुनांच्या दुखण्याची कारणं लिहून ठेवली होती : सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण तुझ्याकडेही आहे. वेग मोजायला सुरुवात झाली की तुझे खांदे वर जात असतील, दात आवळले जात असतील. आज सराव करताना बघ. घरची आशा तुझ्यावर आहे, हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस. ते ओझंही खांद्यावरच येतं, म्हणून झोप कापून सराव करू नकोस. झोप कमी झाली की दुखणं जास्त जाणवतं.

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा, कॉम्प्युटर सायन्सला आहे. पाच महिने कंबर दुखते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास वाकता येत नाही. पहाटे तीन-चारला दुखून जागा होतो आणि खोलीत फेऱ्या मारतो, मग बरं वाटतं. सुट्टीत आराम केला तर जास्तच दुखलं. आम्ही म्हणतो सगळं त्या कॉम्प्युटरमुळे. कोणता पट्टा घ्यावा? – पालक, विटा

उत्तर : पट्टा घेऊ नका. हे मला कॉम्प्युटरचं दुखणं वाटत नाही. बसण्यामुळे दुखणारी कंबर दिवस सरताना वाढते आणि आडवं झालं की उतरते. तुमच्या मुलाचं उलट आहे : आरामानं वाढतं, हालचालीनं कमी होतं, पहाटे जागं करतं आणि सकाळी तासभर ताठरलेलं असतं. तरुण वयात तीन महिन्यांहून जास्त असं चाललं तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याच्या सांध्यांचा सुजेचा आजार आहे का, हे बघावंच लागतं. त्याला याच आठवड्यात संधिवाताच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे न्या. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, त्यावर समाधान मानू नका. डोळा लाल होऊन दुखला होता का, घरात कुणाला असा आजार आहे का, हे आठवून सांगा. वेळेत औषध सुरू झालं तर मुलं चांगली शिकतात, नोकऱ्या करतात, पळतात.

इतकं जोर देऊन लिहिते कारण माझ्याकडून एकदा चूक झाली आहे. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी असाच २१ वर्षांचा मुलगा आला. दिवसभर कॉम्प्युटरवर बसतो म्हणाला आणि मी तेवढंच धरून बसले. त्याची खुर्ची बदलायला लावली, शेक दिला, व्यायाम दिले, पाच महिने. सकाळ कशी जाते हे विचारलंच नाही. आजार पुढे दुसऱ्यांनी ओळखला. तेव्हापासून कंबर दुखणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी पहिला प्रश्न सकाळचा विचारते.

याच जोडीनं सर्वांसाठी : पायातली किंवा हातातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, दुखण्यासोबत ताप किंवा वजन उतरणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं. यातलं काहीही असेल तर व्यायाम आणि शेक बाजूला, आधी डॉक्टर. लघवी-संडासाचं असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : गेमिंग चेअर घेऊ का? बारा हजारांना आहे. पाठ दुखणं थांबेल का? – विद्यार्थी, मिरज

उत्तर : त्या खुर्चीत तू आणखी तीन तास जास्त बसशील, ही भीती मला वाटते. घरची लाकडी खुर्ची घे, कमरेच्या बाकाशी टॉवेलची गुंडाळी ठेव, पाय टेकतात का बघ. महिनाभर असं कर आणि तरीही घ्यावीशी वाटली तर आधी दुकानात अर्धा तास बसून बघ, हात टेकायचे दांडे तुझ्या टेबलाखाली जातात का तेही मोजून जा. नाही गेले तर खुर्ची टेबलापासून लांब राहील आणि पाठ पुन्हा पुढे वाकेल.

प्रश्न : मी कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. मुलांमध्ये याबद्दल जागृती व्हावी म्हणून आम्ही एक व्याख्यान ठेवलं होतं. स्लाइड्स छान होत्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळे तसेच बसलेले. काय करावं?

उत्तर : सर, तुम्ही हे विचारलंत याचाच मला आनंद आहे. व्याख्यानात मुलांना कळतं की असं बसल्यानं माणसांना दुखतं. ती माणसं आपण आहोत, हे कळत नाही. ‘ताठ बसावं’ हे उत्तर तर सगळ्यांनाच पाठ आहे, ते विचारून जागृती मोजूच नका.

आधी प्रत्येकाला स्वतःचं दुखणं कागदावर मांडू द्या. १९८७ साली नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या देशांमधल्या, संशोधकांनी एक प्रश्नावली तयार केली, नॉर्डिक प्रश्नावली म्हणून ती जगभर वापरतात. पाठमोऱ्या माणसाचं चित्र, त्यावर नऊ भाग : मान, खांदे, कोपर, मनगट-हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, नितंब-मांड्या, गुडघे, घोटे-पावलं. गेल्या १२ महिन्यांत इथे त्रास झाला का, गेल्या ७ दिवसांत झाला का, त्यानं रोजचं काम अडलं का. दहा मिनिटांचं काम आहे, नाव लिहायचीही गरज नाही. कागद गोळा झाले की फळ्यावर तेच चित्र काढा आणि आपल्या वर्गाचे ठिपके मुलांनाच द्यायला सांगा. मानेवर ठिपके दाटत जाताना बघून वर्गात जी शांतता पसरते ती मी एकदा पाहिली आहे.

मग जोडीजोडीनं एकमेकांचे बाजूनं फोटो काढायला सांगा, आधी कल्पना न देता, प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या तासाला. पहिल्या तासाला सगळे बरे बसलेले असतात. फोटो फक्त ज्याचा त्याला दाखवायचा. त्यावर त्यानं स्वतः शोधायचं : कान खांद्याच्या पुढे गेलाय का, पाय टेकलेत का, माउस कुठे आहे, मनगट टेबलाच्या कडेवर रुतलंय का, खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडल्यामुळे मान वाकडी झालीय का. चष्म्याचा नंबर वाढलेली दोन-तीन मुलं यातच सापडतील, ती स्क्रीनकडे मान पुढे काढून बघत असतात. आधी डोळे तपासा, मान आपोआप मागे येईल.

आणि लॅब बदला, कारण वर्गातली पोरं उंचीनं सारखी नाहीत आणि तुमची टेबलं सारखी आहेत. दर अर्ध्या तासानं लॅब असिस्टंटनं बेल वाजवावी, सगळ्यांनी मिनिटभर उभं राहावं, शिकवणाऱ्यांनीही. तुम्ही उभे राहिलात तरच मुलं राहतील. त्याच मिनिटात खिडकीतून लांबचं काही तरी बघायला लावा, वीसेक फुटांच्या पलीकडचं, डोळ्यांनाही सैल पडू द्या.

बुटक्या मुलांचे पाय टेकायला खाली काही तरी लागेल, त्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न तुम्ही विचाराल. पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉपमध्ये सुतारकाम असतंच. ती लाकडाचा एक सांधा करतात, गुण मिळतात आणि तो तुकडा कोपऱ्यात पडतो. या वर्षी त्याऐवजी उतरती पायपाटी, म्हणजे पाय टेकायची पाटी, करायला सांगा. रुंदी ४० सेंटिमीटर, खोली ३० सेंटिमीटर, बसणाऱ्याकडची कड ५ सेंटिमीटर उंच, पलीकडची १२. दोन-तीन उंचीच्या करा, बुटक्या मुलामुलींना उंच लागेल. रंग किंवा पॉलिश देऊ नका, मोजे घातलेला पाय घसरतो. पहिली झाली की सगळ्यात बुटक्या विद्यार्थिनीला तिच्या नेहमीच्या जागी बसवून बघा, गुडघे काटकोनात आले तर माप बरोबर आहे. नाही आले तर मला फोटो पाठवा, मी माप दुरुस्त करून देते.